हफमनच्या बुटाखाली

"होतं म्हणजे काय?" लाल जर्सीतल्या माणसाने विचारलं.

"होतं म्हणजे होतं," विल्मा जीन म्हणाली. "मर्फीचं दुकान. अठ्ठ्याऐंशी साली जळलं. तिथून डावीकडे वळा की समोर स्टेडियम."

"पण जळलं तर मला दिसणार कसं ते?"

"अहो, जिथे दिसणार नाही तिथेच वळायचं!"

तो माणूस बायकोकडे बघून हसला. डोंगरातल्या म्हातारीचा एक किस्सा घरी न्यायला मिळाला, असं ते हसू होतं. विल्मा जीनला ते पाठ होतं. दर मॅचच्या शनिवारी सपाट मुलखातून पाहुण्यांचे लोंढे येतात, तिच्या दारातल्या पायऱ्यांवर बसून बिअर पितात, कुंपणाच्या झुडपांत नको ते करतात, आणि जाताना विचारतात की इथले लोक खरंच अनवाणी फिरतात का. तिने खराटा उचलला आणि पायऱ्यांवरची पानं जरा त्याच्या बुटांच्या दिशेनेच झाडली.

आमच्या ड्युवॉलमध्ये पाऊसपाणी, निवडणूक, सणवार सगळं नंतर. आधी कॉलेजची मॅच. गाव अठ्ठावीस हजारांचं, स्टेडियम पन्नास हजारांचं, आता बोला! नदीवर दोन पूल, दोन्ही सकाळी आठलाच तुंबतात. त्या शनिवारी इथे कोणी लग्न ठेवत नाही. चर्चचा पाद्रीसुद्धा वेळापत्रक बघितल्याशिवाय बाप्तिस्म्याची तारीख देत नाही, आणि ज्याला मरायचंच आहे तो शुक्रवारी नाहीतर रविवारी उरकतो. आमच्या संघाचं नाव 'नावाडी'. नावाड्यांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाऊन केला, की जुन्या आगबोटीवरचा भोंगा वाजतो, तो नदीपलीकडच्या गाईंनाही ऐकू जातो. यंदा गाईंची झोप फारशी मोडलेली नव्हती.

विल्मा जीन कटलिप एकोणसत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हलवला. अर्धं गाव तिच्या हातच्या बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन मोठं झालं, आणि ताटात काही टाकलं तर तिच्या तोंडचं ऐकूनही. नवरा बर्ल जाऊन नऊ वर्षं झाली. फुटबॉल तिला कवडीचा कळत नाही. म्हणजे आमचा फुटबॉल, हातात धरून पळायचा तो. ती म्हणते, "अकरा जण अकरा जणांवर पडतात, मग सगळे उठतात आणि शिट्टीवाल्याकडे बघतात. याला खेळ म्हणायचं?" आणि याच बाईने सत्तावीस वर्षांत गावातली एकही मॅच चुकवली नव्हती. तापातसुद्धा गेली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुबड्या घेऊन गेली.

कारण खुर्च्या. पूर्वेकडचा स्टँड, बाविसावी रांग, पाच आणि सहा नंबर. तिचे वडील ओथो स्टॉलनेकर काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. त्यांनी तरुणपणी त्या दोन जागा धरल्या आणि मरेपर्यंत सोडल्या नाहीत. पाचवर ते, सहावर मुलगा हार्लन. विल्मा जीन हार्लनपेक्षा सात वर्षांनी लहान, त्यात मुलगी. तिला न्यायचे ते फक्त बाजारपेठेपर्यंत, आईबरोबर मॅचआधीची मिरवणूक बघायला. त्या गर्दीत शिरण्याआधी डॅडी दर वेळी थांबत आणि दोन्ही मुलांना एकच वाक्य ऐकवत, "चुकामूक झाली तर बुटाखाली." हफमनच्या चपलांच्या दुकानावर लोखंडी साखळीला माणसापेक्षा उंच लाकडी बूट टांगलेला असायचा. सहा वर्षांची असताना ती एकदा खरंच हरवली आणि त्या बुटाखाली रडत बसली. सगळ्यात आधी पोचला तो हार्लन. "नाक पूस," एवढंच म्हणाला आणि तिला खांद्यावर घेऊन आईकडे निघाला. त्या दिवशी त्याची अर्धी मॅच बुडाली होती.

तोच हार्लन पुढे टायरच्या कारखान्यात नोकरी धरून ॲक्रनला गेला. डॅडी वारले आणि कळलं की दोन्ही जागा त्यांनी विल्मा जीनच्या नावावर केल्यात. कागदावर एकच ओळ होती, जो गावात राहील त्याच्या जागा. झालं! चर्चच्या तळघरात मयताचं जेवण चालू होतं. हार्लन हातात ताट घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला टचडाऊन आणि टेबलक्लॉथ यातला फरक कळत नाही, आणि खुर्च्या हिला?"

"मग राहायचं होतंस इथे!" विल्मा जीन म्हणाली. तिचं तोंड असं, एकदा सुटलं की सुटलं. "डॅडींचा श्वास लागायचा तेव्हा कोण होतं उशाशी? तुझे टायर?"

हार्लनने ताट ठेवलं, टोपी घातली आणि तो गेला. सत्तावीस वर्षं फिरकला नाही. बर्ल वारला तेव्हा फुलं आली, वर नुसतं 'हार्लन' लिहिलेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ होते.

आता हिचंही ऐका. भांडण झालं त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये हिने काय करावं? हंगामाची तिकिटं आली तशी शेवटच्या मॅचचं सहा नंबरचं तिकीट एका पाकिटात घातलं आणि ॲक्रनला धाडलं. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. उत्तर आलं नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा. आणि दर मॅचला ती पाच नंबरवर बसायची आणि सहा नंबरवर आपली पर्स ठेवायची. अलीकडे कॉलेजने नियम काढला की पिशवी आरपार दिसणारी हवी, तेव्हापासून पर्सऐवजी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्या गोळ्या, कवळीची डबी, सगळं बाविसाव्या रांगेला उघड. कोणी विचारलं, "इथे कोणी आहे का?" तर ती म्हणायची, "आहे."

"कुठे आहे?"

"येतोय."

रांगेतल्या लोकांनी पुढे विचारणं सोडून दिलं.

यंदा कॉलेजने कागदी तिकिटंच बंद केली. सगळं फोनवर. ऑगस्टमध्ये पाकीट गेलं नाही. सप्टेंबरच्या तीन तारखेला विल्मा जीन सफरचंदं सोलत बसली होती आणि फोन वाजला.

"तिकीट नाही आलं," पलीकडून आवाज आला.

कशी आहेस नाही, मेलीस का जगलीस नाही. सत्तावीस वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर तिकीट नाही आलं! तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. आवाज म्हातारा झाला होता, पण माज तोच.

"कागदी बंद झाली," ती म्हणाली. "हवं असेल तर स्वतः ये."

"का म्हणून येऊ?"

"नको येऊस. पूर्वेकडचा स्टँड हंगाम संपला की पाडणार आहेत. तिथे पैसेवाल्यांसाठी काचेच्या खोल्या करणार. मग ना पाच, ना सहा."

तिने हातातली सुरी ताटात ठेवली.

"शेवटची मॅच कधी?"

"तेवीस नोव्हेंबर."

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून विल्मा जीनच्या घरात शांतता नव्हती. तिची मुलगी रोंडा दाताच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते आणि जगातल्या सगळ्या कामांत तिला जास्त कळतं. हार्लन बसने येणार होता, बसस्टँड बाजारपेठेत. मॅचच्या दिवशी तिथे गाडी जाऊच शकत नाही. रोंडा म्हणाली, मी चालत जाऊन मामांना घेऊन येते. हार्लनने फोनवर सांगितलं, "माझ्या गावात मला कोणी हाताला धरून न्यायची गरज नाही. गेट सांगा, मी येतो."

"गेट चार," विल्मा जीन म्हणाली. "स्टँडवरून निघालास की मर्फीचं दुकान होतं तिथून..."

"मॉम!" रोंडाने तिच्या हातातला फोन झाकला. "कुठलं मर्फी? तुझ्या या मेलेल्या दुकानांनी आख्खं गाव हरवतं. मामा सत्तावीस वर्षांनी येतायत. आज जे आहे ते सांग. हे बघ, मी लिहून आणलंय."

आणि विल्मा जीनने, कधी नव्हे ते, मुलीचं ऐकलं. घशातून ओढून काढल्यासारखं तिने तो कागद वाचला. स्टँडवरून निघालास की फोनचं दुकान. तिथून उजवीकडे, हिरव्या पाटीचं कॉफीचं दुकान. मग डावीकडे कोंबडीच्या पंखांचं हॉटेल, त्याच्या समोरच गेट चार. हार्लन नुसतं "बरं" म्हणाला. तिला वाटलं फुगला.

तेवीस तारखेला साडेदहाची बस होती, अकराला गेटवर भेटायचं ठरलं होतं, आणि बाराला मॅच. विल्मा जीन पावणेअकरालाच गेट चारवर जाऊन उभी राहिली. डोक्यावर लोकरीची टोपी, दंडावर आरपार पिशवी, हातात फोन, आणि त्या फोनमध्ये दोन तिकिटं, रोंडाने घालून दिलेली.

गेटवर डार्लीन पाइल्स होती. वय पन्नास, अंगात नारिंगी जाकीट, आणि जाकिटामुळे चढलेला अंमल.

"मिस विल्मा, एकतर आत जा, नाहीतर बाजूला उभ्या राहा. लोकांना अडथळा होतोय."

"मी भावाची वाट बघतेय, डार्लीन."

"बाजूला उभं राहून बघा."

"दुसरीत असताना तुला भाजी नको असायची, तर मी मुकाट्याने पीचच्या दोन फोडी वाढायचे. तेव्हा नियम आठवला नाही तुला!"

डार्लीन कानापर्यंत लाल झाली, पण सरकवलं तिने विल्मा जीनला खांबापाशीच.

अकरा वाजले. सव्वाअकरा. हिरव्या-पिवळ्या टोप्यांचा पूर आणि त्यात पाहुण्यांची लाल जाकिटं. प्रत्येक म्हाताऱ्यात तिला हार्लन दिसत होता आणि जवळ आल्यावर तो दुसराच कोणीतरी निघत होता. साडेअकराला तिने फोन लावला. हार्लनकडे जुना घडीचा फोन, तो लागेना. पन्नास हजार माणसं एकाच वेळी फोनला लटकल्यावर कोणाचा लागणार? रोंडालाही लागेना. ती पुन्हा लावत राहिली. बाराला बँड वाजला, लोक ओरडले, आणि गेटबाहेर रिकामे कप आणि विल्मा जीन एवढंच उरलं.

"आले असतील तर दुसऱ्या गेटने गेले असतील आत," डार्लीन म्हणाली.

"तिकीट माझ्याकडे आहे! आत काय उडत जाईल?"

मनात मात्र दुसरंच चाललं होतं. आलाच नसेल. बसमध्ये बसलाच नसेल. पिट्सबर्गला बस बदलताना म्हणाला असेल, खड्ड्यात गेलं ड्युवॉल, आणि परत फिरला असेल. मग कशाला केला होता फोन? मला कशाला आशा लावली? मी पाकिटं पाठवत होते तेच बरं होतं, तेव्हा निदान गेटवर उभं राहावं लागत नव्हतं. तिला हार्लनचा राग आला, रोंडाचा आला, कॉलेजचा आला, फोनचा तर आलाच. आणि रागाच्या खाली भीती होती, तिचाही तिला राग आला. आज नाही तर मग कधीच नाही, सोमवारी पाडणारी यंत्रं येणार होती.

साडेबाराला भोंगा वाजला. एकदाच. आत पन्नास हजार लोक नाचत होते आणि ही खांबाला टेकून उभी. सव्वा वाजला, दीड वाजला, मध्यांतर झालं. पाय सुजले. डार्लीनने न बोलता एक घडीची खुर्ची आणून ठेवली. विल्मा जीन बसली नाही.

मध्यांतरानंतर लाल जर्सीतली एक तरुण बाई धापा टाकत आली. "आजी, माझा ग्रुप हरवलाय. पुलाजवळ गाडी आहे. पुलाकडे कसं जायचं?"

"कोण आजी? तुझी?" विल्मा जीन खेकसली. मग पोरीचं तोंड बघून जरा नरमली. "या उताराने सरळ खाली जा. कोर्टाच्या पायऱ्या लागतील. त्याच्यापुढे उतार संपतो, तिथे हफमनचा बूट होता, त्या बुटापासून..."

ती थांबली.

"बुटापासून कुठे?" ती बाई म्हणाली.

"डोंबल माझं!" विल्मा जीन म्हणाली. "डोंबल माझं! तीन तास! तीन तास मी इथे खांबासारखी उभी!" आणि ती गुडघ्याचा विचार न करता उताराला लागली. लाल जर्सीतली बाई बिचारी तिच्या मागे मागे निघाली, तिला वाटलं म्हातारी पूल दाखवायला निघालीय. दिसला खरा पूल तिला वाटेत.

हफमनचं दुकान पाडून वीस वर्षं झाली. तिथे आता बँकेच्या गाड्या लावायची जागा आहे. शनिवारी बँक बंद, जागा साखळी लावून रिकामी ठेवलेली. त्या रिकाम्या फरशीवर, बरोबर जिथे दुकानाचं दार होतं तिथे, एक उंच म्हातारा उभा होता. जुनं हिरवं जाकीट, हातात कापडी पिशवी, आणि मान वर. विल्मा जीन पुढ्यात येऊन उभी राहिली तरी त्याची मान वरच.

"हार्लन!"

त्याने मान खाली केली, तिच्या तोंडाकडे नाही, कानाच्या बाजूला बघितलं. "कुठे होतीस?" तो म्हणाला. "अकरापासून उभा आहे मी इथे."

"मी कुठे होते? मी? गेट चारवर! तुला सांगितलं होतं ना, फोनचं दुकान, कॉफीचं दुकान..."

"कुठलं कॉफीचं दुकान? ह्या गावात कधी होतं कॉफीचं दुकान? मला काही सापडलं नाही. मग म्हटलं, चुकामूक झाली, जाऊ बुटाखाली. कोर्टाच्या पायऱ्यांपासून उतार संपेपर्यंत पाय आपोआप आले." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "जीनी, बूट आहे ना वर?"

"वर? नाही. काढला तो, वीस वर्षं झाली. दुकानच पाडलं."

हार्लनने मोठा श्वास सोडला आणि हसला. "मला वाटलं, तेवढंही दिसेनासं झालं."

विल्मा जीनने त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला.

"हात हलवू नकोस, गाढव," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. मधलं नाही दिसत. चार वर्षं झाली. दुकानांच्या पाट्या कुठून वाचू?"

"मग सांगायला काय झालं होतं? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? रोंडा आली असती न्यायला!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"अस्सा घोडा आहेस तू! अस्सा घोडा! डॅडी काय उगीच म्हणायचे?" ती ओरडत होती आणि रडत होती, आणि त्याचा दंड धरून त्याला चढाला लावत होती. त्याने दंड सोडवून घेतला नाही.

चढ चढताना दोघं दर दहा पावलांवर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर एकेक जुनं भांडण उरकत होती. टायरचं झालं. बर्लच्या फुलांचं झालं. मयताच्या जेवणात टाकून दिलेल्या बटाट्याच्या सॅलडचं झालं, ते तिने केलेलं होतं आणि तिने ते अजून विसरलेलं नव्हतं. पोचली तेव्हा शेवटचा क्वार्टर अर्धा उलटला होता आणि लोक बाहेर पडायला लागले होते. नावाडी एकतीस-सात असे सपाटून हरत होते.

विल्मा जीनने फोन पुढे केला. फोन काळा ठिक्कर. दोन तास लावून लावून बॅटरी संपलेली. "आता काय करू मी याचं? डोक्यात घालून घेऊ?"

"असू दे हो, मिस विल्मा," डार्लीन म्हणाली. "शेवटच्या क्वार्टरला तिकीट कोण विचारतंय? गेट उघडंच आहे. जा."

"मी नाही जाणार," हार्लन म्हणाला.

डार्लीनने उघड्या गेटाकडे बोट दाखवलं.

"स्टॉलनेकर कधी फुकट आत गेले नाहीत. तिकीट फाडल्याशिवाय मी जाणार नाही."

"हार्लन, सात मिनिटं राहिलीत!" विल्मा जीनने कपाळावर हात मारला. "सात! तिकीट नाही रे बाबा, फोन मेलाय!"

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. वरची तिकिटं चकचकीत, खालची पिवळी पडलेली. त्याने अंगठ्याने चाचपत गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं तिकीट ओढलं आणि डार्लीनपुढे धरलं. "हे फाड. हे हिने धाडलेलं पहिलं आहे."

डार्लीनने तिकीट हातात घेतलं. त्यावरच्या तारखेला ती तेवीस वर्षांची होती. तिने विल्मा जीनकडे बघितलं, मग तिकीट टोकापाशी नीट दुमडलं आणि सावकाश फाडलं. मोठा तुकडा तिने हार्लनच्या हातात ठेवला. "पूर्वेकडचा स्टँड, साहेब. बाविसावी रांग."

"माहीत आहे," हार्लन म्हणाला.

पायऱ्या तो चढला त्या मोजत. बाविसाव्या रांगेशी थांबला आणि आत वळला. रांग निम्मी रिकामी झाली होती. जे उरले होते ते म्हातारे, विल्मा जीनला वर्षानुवर्षं बघणारे. त्यातला एकजण उभा राहिला, मग दुसरा, वाट द्यायला. कोणी काही विचारलं नाही.

विल्मा जीन पाच नंबरवर धपकन बसली. पाय ठणकत होते, घसा बसला होता. सवयीने तिने दंडावरची पिशवी काढली आणि शेजारच्या जागेवर ठेवली.

हार्लन तिथेच उभा. हाताने त्याने आपली जागा चाचपली, तर हाताला गोळ्यांची बाटली लागली.

"जीनी," तो म्हणाला, "हे उचल."

तिने पिशवी उचलली. तो बसला. खाली मैदानावर सगळे एकमेकांवर पडले आणि उठले.

"काय चाललंय? सांग," तो म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं!"

"जे दिसतं ते सांग."

"आपला एकजण पळतोय चेंडू घेऊन."

"कुठे?"

"मागे," ती म्हणाली. "उलटा पळतोय मेला."

हार्लन हसला, खूप वेळ हसत राहिला. आणि विल्मा जीन हातातली पिशवी कुठे ठेवावी ते न कळून तशीच बसली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला शेजारी जागा नव्हती.